इतवारीचा नंबर, बाबांच्या नावाचा

नागपूरच्या इतवारीत, किराणा ओळीत, ठोक मिरची-हळदीचं एक दुकान. वडिलांनी उभं केलं, आता दोघं भाऊ चालवतात. दुकानाचे म्हणून तीन नंबर. पहिला लँडलाइन, ०७१२ चा. दुसरा पोस्टपेड मोबाइल. बिलबुकावर, पोत्यांवर छापलेला आणि भिवापूर-उमरेडच्या मिरचीवाल्यांपासून बालाघाटच्या गिऱ्हाइकांपर्यंत शेकडो लोकांच्या फोनमध्ये पडलेला. तिसरा प्रीपेड, वडील तो फक्त बँकेच्या मेसेजसाठी वेगळ्या साध्या फोनमध्ये ठेवायचे. तिन्ही नंबर वडिलांच्या नावावर. वडील हिवाळ्यात गेले. पुढच्या श्रावणात पोरांनी पोस्टपेडची कंपनी बदलायचं ठरवलं, आणि तिथून हे प्रकरण सुरू होतं.

दोन-तीन घरांच्या अडचणी एकत्र करून मी हे दुकान उभं केलंय, तेव्हा ओळीत जाऊन शोधू नका. नियम मात्र जसे आहेत तसेच दिले आहेत.

कंपनी बदलण्याचं कारण साधं. जुनी इमारत, जाड भिंती, मागच्या गोदामात रेंज शून्य. सौदा ठरता ठरता फोन कटायचा. शेजारच्या दुकानात दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क ठणठणीत. धाकटा म्हणाला, १९०० ला मेसेज टाकला की झालं. त्याचं म्हणणं बरोबरच होतं, फक्त ते जिवंत माणसाच्या नंबरापुरतं.

नंबर कोणाचा?

मोठ्या भावाचा ठाम समज असा, की वीस वर्षं बिल भरलं म्हणजे नंबर आपला. बहुतेकांचा असतो. कायद्याच्या नजरेत टेलिफोन क्रमांक ही सरकारी साधनसंपत्ती आहे. ती वापरायला मिळते, मालकीची होत नाही.

यात दोन दालनं आहेत आणि लोक कायम त्यांची गल्लत करतात. क्रमांकांचा आराखडा आणि वाटप दूरसंचार विभागाकडे, म्हणजे थेट केंद्र सरकारकडे. १९९७ मध्ये स्थापन झालेलं नियामक प्राधिकरण ट्राय क्रमांक वाटत नाही. आराखडा कसा असावा याच्या शिफारसी करतं. मोबाइल नंबर कंपनीसोबत न बदलता पुढे नेण्याचे नियम मात्र ट्रायचे, २००९ सालचे, आणि त्यात आजवर नऊ वेळा दुरुस्ती झाली आहे. म्हणजे नंबर जन्माला घालणार एक, त्याच्या प्रवासाचे नियम करणार दुसरा. आपल्या भावांचं काम अडलं ते नेमकं या दोन दालनांच्या सांध्यावर. नाव बदलण्याचे नियम पहिल्या दालनातून येतात, पोर्टिंगचे, म्हणजे तोच नंबर घेऊन कंपनी बदलण्याचे, दुसऱ्या.

आज चालू असलेला राष्ट्रीय क्रमांक आराखडा २००३ चा. तो आखताना अंदाज होता की २०३० पर्यंत देशात ७५ कोटी जोडण्या होतील, त्यातल्या ३० कोटी लँडलाइन. २०१० संपायच्या आतच ७५ कोटींचा आकडा मागे पडला, आणि लँडलाइनचं काय झालं ते आपण पाहतोच आहोत. सरकारी अंदाजापेक्षा प्रत्यक्ष आकडा साधारण कमीच भरतो. इथे उलटं झालं, आणि नंबर कमी पडू लागले. ९ ने सुरू होणारे मोबाइल संपत आले, मग ८, मग ७, मग ६. कंपन्यांना ते गठ्ठ्यांनी मिळतात: पहिले पाच आकडे ठरलेले, मागचे पाच मोकळे, म्हणजे एका गठ्ठ्यात १ लाख नंबर.

पूर्वी या पहिल्या आकड्यांवरून कंपनी ओळखू यायची. नागपुरात अजूनही ९४२२ दिसलं की लोक 'बीएसएनएलचा आहे' म्हणतात. २० जानेवारी २०११ पासून देशभर पोर्टिंग सुरू झालं आणि त्या ओळखीला अर्थ उरला नाही. त्याआधी २५ नोव्हेंबर २०१० ला हरियाणात रोहतकला त्याची सुरुवात झाली होती. तेव्हा नंबर फक्त आपल्या परिमंडळातल्या (टेलिकॉम सर्कलमधल्या) परिमंडळात नेता यायचा. महाराष्ट्र परिमंडळात गोवा येतं, मुंबई येत नाही, ती वेगळी. त्यामुळे मुंबईहून बदली होऊन नागपूरला आलेल्याला नंबर सोडावा लागे किंवा रोमिंगवर राहावं लागे. जुलै २०१५ मध्ये तो अडसर गेला.

पहिला मेसेज

धाकट्याने 'पोर्ट' आणि पुढे दहा आकडी नंबर लिहून १९०० ला पाठवला. काही क्षणांत आठ अक्षर-आकड्यांचा कोड आला.

हा कोड जुनी कंपनी बनवत नाही. डिसेंबर २०१९ पर्यंत तीच द्यायची. गिऱ्हाईक निघालं की कोड अडवणं, उशिरा देणं, फोन करून सवलतींचा मारा करणं हे सर्रास चालायचं. आता कोड दोन्ही कंपन्यांच्या मधली, पोर्टिंगचं काम पाहणारी संस्था देते. देशाचे दोन भाग केले आहेत. उत्तर आणि पश्चिमेचं काम सिनिव्हर्स नावाच्या संस्थेकडे आणि महाराष्ट्र त्यात येतो. मध्य प्रदेश दुसऱ्या भागात. म्हणजे सावनेरचा नंबर एका संस्थेच्या वहीत, आणि हद्द ओलांडून सौंसरला गेलात की दुसऱ्या. मेसेज आला की ही संस्था जुन्या कंपनीला ठरावीक प्रश्न विचारते: मुदत उलटलेलं बिल थकलंय का, जोडणी ९० दिवसांची झाली का, नाव बदलाचा अर्ज चालू आहे का, करार बाकी आहे का, कोर्टाची मनाई आहे का. उत्तरं ठीक असतील तरच कोड, नसतील तर नकार आणि त्याचं कारण. ट्रायने केलेल्या बदलांपैकी मला सगळ्यात पटलेला हा.

आता गंमत बघा. कंपनीला वडील गेल्याचं कुणी कळवलंच नव्हतं. बिलं वेळेवर भरली जात होती. म्हणून सगळे प्रश्न सुरळीत पार पडले आणि एका मृत माणसाच्या नंबराला कोड मिळाला.

कोड घेऊन धाकटा नव्या कंपनीच्या दुकानात गेला. काउंटरवरच्या पोराने आधार मागितलं आणि फोटो काढायला मोबाइल समोर धरला.

"नंबर कोणाच्या नावावर हाय?"

"बाबांच्या. ते नाही आता."

पोरगा थांबला, मग आवाज खाली घेऊन म्हणाला, "तुमचाच आधार लावून देतो ना भाऊ. कोन पाहते?"

धाकट्याला मोह झाला होता. त्याने भावाला फोन लावला आणि भावाने नको म्हटलं. नियमापेक्षा बँकेच्या धाकाने, पण निर्णय योग्य होता. पोर्टिंग म्हणजे तोच ग्राहक, दुसरी कंपनी. नाव बदलायची ती पायरी नाही. अर्जावर आपण स्वतः त्या नंबराचे ग्राहक आहोत असं सही करून सांगायचं असतं. उद्या एखाद्या वारसाने हरकत घेतली किंवा त्या नंबरावरून व्यवहाराचा वाद झाला, की ही सही गळ्यात येते. अशी शेकडो पोर्टिंगं बिनबोभाट होत असतील, हे मी नाकारत नाही.

कोडची मुदत ४ दिवस. (जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडे ३० दिवस.) तो तसाच मरू दिला.

नाव आधी, मग पोर्ट

सरळ रस्ता असा: मृत्यूचा दाखला, इतर वारसांचं ना-हरकत पत्र आणि ज्याच्या नावावर करायचं त्याचं पूर्ण केवायसी, म्हणजे ओळख-पत्त्याची तपासणी. रक्ताच्या नात्यात आणि वारसाकडे नंबर जाऊ शकतो, कुणाही तिसऱ्याकडे नाही. आईची आणि बहिणीची सही झाली. बहीण भंडाऱ्याला दिली आहे, तिथून कागद यायला वेळ लागला. नंबर मोठ्याच्या नावावर करायचं ठरलं.

अर्ज दिला आणि अधीरपणे धाकट्याने त्याच दिवशी पुन्हा १९०० ला मेसेज टाकला. नकार. कारण: मालकी बदलाची विनंती प्रलंबित.

काही दिवसांनी नाव बदललं, कंपनीने मोठ्याच्या नावाने नवं सिम दिलं, जुनं बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा मेसेज. पुन्हा नकार, या वेळी कारण वेगळं: सिम बदलून ७ दिवस झालेले नाहीत.

"आता काऊन बे? नाव तर झालं ना!" मोठ्याचा हा त्रागा अगदी रास्त होता, पण या नियमामागची कहाणी माहीत असली तर राग थोडा उतरतो. भामटा तुमच्या नावाने 'सिम हरवलं' सांगून डुप्लिकेट सिम काढतो. तुमचा फोन मुका होतो, बँकेचे ओटीपी त्याच्याकडे जातात. तेवढ्यात तो नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट करून टाकतो. आता जुनी कंपनी म्हणते आमच्याकडे नाही, नवी म्हणते आमच्याकडे हाच ग्राहक आहे, आणि खरा मालक दोन्हीकडे चकरा मारतो. म्हणून मार्च २०२४ मधल्या नवव्या दुरुस्तीने, १ जुलै २०२४ पासून, सिम बदलल्यावर ७ दिवस कोड द्यायचा नाही असं ठरलं. एवढ्या दिवसांत मालकाला फोन बंद पडल्याचं कळतंच.

या नियमाला माझा विरोध नाही. पण वारसाचं प्रकरण आणि चोराचं प्रकरण यंत्राला सारखंच दिसतं, ही त्यातली खोट. दाखला, ना-हरकत, नवं केवायसी एवढं सगळं कंपनीच्या काउंटरवर समोरासमोर तपासून झाल्यावर सिम दिलं जातं. तिथे संशयाला जागा किती उरते? मृत्यूनंतरचं हस्तांतर आणि पोर्टिंग एकाच अर्जात करायची सोय ट्राय आणि दूरसंचार विभागाने मिळून सहज काढावी, असं मला वाटतं.

सात दिवस झाले आणि पोळा आला. दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे नागपूरची पुतळ्यांची मिरवणूक. काळी-पिवळी मारबत निघते तेव्हा इतवारी-महालात पाय ठेवायला जागा नसते. दुकानदारी होते ती बासरी-पिपाण्यांची. भावांनी दोन दिवस काहीच केलं नाही, आणि तेवढ्यात बिलाची शेवटची तारीख उलटून गेली. आता नकार थकबाकीमुळे. बिल भरलं, पावती आली, मेसेज टाकला, तरी 'थकबाकी' हेच उत्तर.

हा नकार मात्र नियमाबाहेरचा होता. पैसे भरले असताना थकबाकी दाखवून अडवणं म्हणजे चुकीचा नकार, आणि अशा प्रत्येक नकारासाठी ट्राय कंपनीला १०,००० रुपयांपर्यंत दंड लावू शकतं. तो दंड ग्राहकाला मिळत नाही, सरकारजमा होतो. शिवाय ट्राय एकट्यादुकट्याची तक्रार सोडवत नाही. तो त्याचा अधिकारच नाही. आधी कंपनीचं तक्रार केंद्र, तिथून तक्रार क्रमांक घ्यायचा, मग त्याच कंपनीचं अपील प्राधिकरण, आणि त्यापुढे दूरसंचार विभागाचं तक्रार निवारण. ग्राहक आयोगाचा दरवाजाही उघडा आहे. टेलिफोनची तक्रार ग्राहक आयोगात चालत नाही असा युक्तिवाद कंपन्या बरीच वर्षं करत होत्या. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला.

इथे आयोगापर्यंत जावं लागलं नाही. पावतीचा फोटो, बँकेचा व्यवहार क्रमांक आणि नकाराच्या मेसेजचा स्क्रीनशॉट जोडून तक्रार केल्यावर कोड आला. पुढचं काम मग झटपट. परिमंडळातल्या परिमंडळात कामकाजाचे ३ दिवस, बाहेर जायचं असेल तर ५. एका पोर्टिंगमागे मधल्या संस्थेचा आकार ६ रुपये ४६ पैसे. एका रात्री जुन्या सिमचं नेटवर्क गेलं, नवं सिम घातलं, आणि सकाळी गोदामातून बालाघाटच्या गिऱ्हाइकाशी पहिल्यांदा न तुटता बोलणं झालं.

बाहेरून फोन करणाऱ्याला काहीच वेगळं करावं लागत नाही, कारण आता प्रत्येक कॉल लागण्याआधी फोन करणाऱ्याची कंपनी पोर्ट झालेल्या नंबरांची यादी पाहते आणि हा नंबर सध्या कोणाच्या घरी आहे ते शोधून तिकडे वळवते. पोत्यावरचा नंबर तोच राहतो.

लँडलाइन

हाच उत्साह धरून मोठ्याने विचारलं, की फायबर इंटरनेट घेतोच आहोत तर ०७१२ चा नंबरही नव्या कंपनीत न्यावा. नाही नेता येत. पोर्टिंग फक्त मोबाइलचं. फायबरवाला नवा ०७१२ देईल, जुना आणणार नाही.

लँडलाइनचा नंबर गावाशी बांधलेला असतो. नागपूर ०७१२, उमरेड ०७११६, काटोल ०७११२. पुढचं शून्य सोडून मोजलं तर कोड आणि स्थानिक नंबर मिळून सगळीकडे दहाच आकडे. नागपुरात म्हणून सात आकडी नंबर, उमरेडला सहा आकडी. शहरातल्या शहरात सात आकडे फिरवले की लागतो. पण यामुळे एक्स्चेंजला कायम विचार करावा लागतो, की हा आलेला आकडा स्थानिक नंबराची सुरुवात आहे की मोबाइलची. म्हणून १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी शून्य लावणं सक्तीचं झालं. त्या एका शून्याने २५४ कोटींहून जास्त नवे नंबर मोकळे होतात, हा ट्रायचा हिशेब. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने पुढची शिफारस केली: लँडलाइनवरून लँडलाइनलाही शून्य आणि पूर्ण कोड लावूनच फोन करावा, म्हणजे इतवारीतून महालात लावायचा तरी ०७१२ सकट. कुणाचा नंबर बदलणार नाही, लावायची पद्धत बदलेल.

भावांनी लँडलाइन आहे तिथेच ठेवली.

तिसरा नंबर

खरं नुकसान झालं असतं ते या नंबराने, आणि त्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

वडील गेल्यावर तो साधा फोन कपाटात गेला. रिचार्ज कुणी केला नाही. पोस्टपेडची धावपळ चालू असताना धाकट्याने सहज व्हॉट्सॲपवर 'बाबा बँक' उघडलं, तर वडिलांच्या जागी एका अनोळखी मुलीचा फोटो, मागे समुद्र. नंबर दुसऱ्याला गेला होता.

प्रीपेडचा नियम असा: सलग ९० दिवस वापर नसेल तर कंपनी नंबर बंद करू शकते. वापर म्हणजे आलेला किंवा केलेला कॉल, पाठवलेला मेसेज, डेटा. बँकेकडून येणारे मेसेज यात मोजले जात नाहीत. फोन सुरू ठेवून रोज बँकेचे मेसेज आले असते तरी तेवढ्याने नंबर जगला नसता. खात्यात २० रुपये शिल्लक असते तर तेवढे कापून मुदत वाढली असती, आणि बंद पडल्यावरही परत सुरू करून घ्यायला १५ दिवस मिळतात. पण कपाटातल्या फोनला हे कोण सांगणार? बंद झालेला नंबर निदान ९० दिवस पडून ठेवायचा आणि मग नव्या ग्राहकाला द्यायचा. २०२३ मध्ये यावर सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली होती, तिथे ट्रायने हाच नियम सांगितला.

नंबर कमी आहेत, म्हणून ते फिरवावे लागतात. त्यात त्या मुलीचा काही दोष नाही. पण दुकानाच्या चालू खात्याला अजून तोच नंबर जोडलेला होता. म्हणजे दुकानाच्या उलाढालीचे मेसेज कुठल्या तरी समुद्रकाठच्या फोनवर जात होते.

याच्यावरचा इलाज सरकारने केलेला आहे. दूरसंचार विभाग बंद झालेल्या नंबरांची यादी बँकांना देतो, आणि २०२५ पासून रिझर्व्ह बँक आणि यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने ही यादी नियमित तपासून जुने नंबर खात्यांवरून काढायला सांगितलं आहे. या दुकानाच्या बँकेत ते झालेलं नव्हतं. मोठा भाऊ शाखेत गेला, वडिलांच्या मृत्यूची नोंद केली (तीही बाकीच होती!) आणि खात्याला स्वतःचा नंबर जोडला. मग दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर स्वतःच्या नावावर किती जोडण्या आहेत ते दोघांनी पाहिलं. मोठ्याच्या नावावर एक अनोळखी निघाली. ती 'माझी नाही' म्हणून कळवली.

माझं मत विचाराल तर या घराने सुरुवात तिसऱ्या नंबरापासून करायला हवी होती. पोस्टपेड दोन महिने उशिरा पोर्ट झाला असता तर रेंजचा त्रास चालू राहिला असता, एवढंच. बँकेचा नंबर उशिरा बदलणं महागात पडलं असतं.

आता चर्चा आहे ती पोस्टपेड भागीदारी फर्मच्या नावावर करण्याची, म्हणजे पुन्हा वारसाहक्काचे कागद नकोत. ते शक्य आहे, पण फुकटात काही मिळत नाही. फर्मच्या नावावरही प्रत्यक्ष वापरणाऱ्याचं केवायसी लागतंच. २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने घाऊक जोडण्या बंद करून हा नियम आणला. पुढे कंपनी बदलायची झाली तर फर्मचं अधिकारपत्र लागेल, कामकाजाचे ५ दिवस लागतील. नुकताच पोर्ट झालेला नंबर ९० दिवस तर हलवता येतच नाही. धाकट्याचं म्हणणं करून टाका. मोठा म्हणतो, अधिकारपत्रावर सही कोणाची ते आधी ठरू दे.